टोकियोत जपानी मित्र होतात का? कुणाचे झालेत?

गवती चहा | शनिवार, रात्री ९:४२
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

पुण्याहून टोकियोला येऊन काही वर्षं झाली. राहायला निशी-कासाईत, ऑफिस ओतेमाचीला. काम ठीक, पगार वेळेवर, रात्री बाराला स्टेशनवरून एकटी चालत आले तरी मागे वळून बघावं लागत नाही. तेव्हा हे रडगाणं म्हणून वाचू नका. पण परवा आईनं फोनवर विचारलं, "तिकडच्या मैत्रिणींची नावं तरी सांग", आणि मी सांगितलेली नावं होती देशपांडे, अय्यर आणि कौर.

ऑफिसातली मंडळी वाईट नाहीत हो, उलट फार जपतात. महिन्या-दोन महिन्यांनी नोमिकाई, म्हणजे ऑफिसची पिण्याची पार्टी, असते. दोन तासांची नोमिहोदाई (ठरल्या पैशांत हवं तेवढं प्या), पहिला ग्लास बहुतेकांचा बिअरचा. कांपाई (चिअर्स) झालं की अर्ध्या तासात माणसं ओळखू येत नाहीत. एरवी मान वर न करणारे आमचे काचो (विभागप्रमुख) मोबाइलमधले मांजराचे फोटो दाखवतात, समोरची अबोल मुलगी खो-खो हसते, "पुढच्या महिन्यात सगळे सहलीला हाकोनेला जाऊ" असं ठरतंसुद्धा. सोमवारी सकाळी सगळे पुन्हा आपापल्या स्क्रीनमध्ये. हाकोनेचं नाव नाही. मी ते काढलं तर सगळे इतके अवघडले की मलाच विषय बदलावा लागला.

घरी तर आजवर कुणी बोलावलेलं नाही. हे शहराचं आहे की माझं? निशी-कासाई सोडून दुसरीकडे राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे का? आणि जाता जाता, शाकाहारी माणसानं इझाकायात (जपानी बारमध्ये) नक्की खायचं काय तेही सांगा. एदामामेच्या (कोवळ्या सोयाबीनच्या) शेंगा सोलून सोलून बोटं झिजली.

शेवटची गाडी | रात्री ९:५१
शेंगा सोलायच्या आणि वारिकानमध्ये (बिल सगळ्यांत सारखं वाटून) साडेचार हजार येन भरायचे. बाकी सगळे सांस्कृतिक धक्के यापुढे किरकोळ.

कासाईचे नाना | रात्री १०:२०
गवती चहा ताई, घरी बोलावलं नाही हे मोजमाप आधी बाजूला ठेवा. माझ्या विभागातले दोघे जण नोकरीला लागल्यापासून शेजारी शेजारी बसतात, एकमेकांच्या लग्नाला गेलेत, पण घर पाहिलेलं नाही. एकट्या माणसाची खोली वीस-पंचवीस चौरस मीटर. भिंती अशा की शेजारी शिंकला तर आपण "सत्य आहे" म्हणावं. पाहुण्याला बसवायचं कुठे? म्हणून गप्पा, भांडणं, समेट, सगळं घराबाहेर.

आता निशी-कासाईचं. आम्ही पहिली पोरं आलो ती २००० सालच्या आगेमागे, वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालच्या तारखेच्या दुरुस्तीच्या, कामांवर. तोझाई लाइननं कायाबाचो, निहोनबाशी, ओतेमाची म्हणजे सगळ्या बँका एका गाडीवर. त्यात इथे यूआरची, म्हणजे निमसरकारी संस्थेची, भाड्याची घरं. जामीनदार नको, दलाली नको, रेइकिन नको. नव्या लोकांसाठी सांगतो, रेइकिन म्हणजे घरमालकानं आपल्याला घर दिलं म्हणून त्याला एक-दोन महिन्यांचं भाडं वर द्यायचं, आणि ते परत मागायचं नाही. असा प्रकार ऐकल्यावर यूआर सोडून कोण जातंय? एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं मेव्हण्याला बोलावलं. मग किराणा आला, भारतीय शाळा आली, २०१९ला आपले योगेंद्र पुराणिक आपल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडूनही आले.

ही सगळी सोयच. पण याच सोयीत माणूस रुततो. इथे एक वाक्य जपानी न बोलता महिना निघतो. माझ्या ओळखीत पंधरा-पंधरा वर्षं राहिलेले लोक आहेत जे वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की पाचवीतल्या मुलीकडून वाचून घेतात. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: थोडं शहराचं, थोडं तोझाई लाइनचं.

पेठेतला पांडू | रात्री १०:२६
घरी बोलावत नाहीत यात नवल ते काय? आमच्याकडेही नाही बोलावत. फक्त आम्ही तशी पाटी लावतो.

अबोली_कोएंजी | रात्री ११:०५
मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते. सुरुवातीला मीही कासाईतच होते, मग कोएंजीला गेले. शिंजुकूपासून चुओ लाइननं काही मिनिटं. जुन्या कपड्यांची दुकानं, उभ्यानं पिण्याची टिचभर टपऱ्या, १९३३पासूनचं कोसुगीयु नावाचं सेंतो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. घर लहान, भाडं जास्त, हिंग शोधायला गाडी बदलावी लागते.

पण तिथे गेले म्हणून आपोआप काही झालं नाही, हे आधीच सांगते. पहिलं वर्ष कासाईपेक्षा वाईट गेलं, कारण देशपांडे-अय्यरही नव्हत्या. "आंतरराष्ट्रीय मैत्री"च्या संध्याकाळी असतात ना, दीड-दोन हजार येन भरून नावाची चिठ्ठी छातीला चिकटवायची, तिथेही जाऊन पाहिलं. प्रत्येक जण विचारतो, कुठली, जपान का आवडतं, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खातेस का. पंधरा मिनिटांनी टेबल बदल. पुन्हा कुठली, का आवडतं, नात्तो. त्यातून लाइन ॲपवर ढीगभर नावं जमली आणि भेटलं कुणीच नाही.

फरक पडला तो आवा ओदोरीमुळे. हा नाच मूळ तोकुशिमाचा. कोएंजीत १९५७ला दुकानदारांच्या पोरांनी सुरू केला, कारण शेजारच्या आसागायाचा तानाबाता उत्सव गर्दी खेचत होता आणि यांच्याकडे काहीच नव्हतं. आता ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी दहा हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर नाचतात. ते "रेन" नावाच्या गटांत नाचतात आणि काही रेन नवीन माणसं घेतात. मी चिठ्ठी वाचून गेले. शाळेच्या जिममध्ये सराव. बायकांचा नाच गेताच्या (लाकडी चपलांच्या) पुढच्या टोकावर तोल सांभाळून, हात सतत डोक्याच्या वर. दोन मात्रांचा ठेका, आपल्या लेझीमवाल्यांना लगेच सापडेल, पण हात खाली आणायचे नाहीत हे काय असतं ते वीस मिनिटांनी कळतं. अंगठ्याच्या बेचक्यात गेताच्या पट्ट्यानं साल निघतं. शेजारची साठीची बाई काही न बोलता वाकली, माझा पट्टा बोटानं ओढून सैल केला, खिशातून चिकटपट्टी काढून लावली आणि परत ओळीत जाऊन उभी राहिली. नाव-गाव काही नाही. बऱ्याच सरावांनंतर तिनं विचारलं ते एवढंच: "पुढच्या आठवड्यात येणार ना? तू नसलीस की डावी ओळ वाकडी होते."

आता त्या गटातल्या तिघी-चौघी माझ्या खऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांतली एक घरीही बोलावते, पण तेव्हाही आधी सांगते की सहा वाजेपर्यंतच हं.

हाकोनेबद्दल: ते बोलणं म्हणजे संध्याकाळ छान गेली याची पावती. खरंच जायचं असेल तर सगळ्यांना विचारू नकोस. त्या हसणाऱ्या मुलीला एकटीला मेसेज कर. तारीख, गाडीची वेळ आणि परत किती वाजता, तिन्ही लिही. "कधीतरी"ला इथे कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी येतही नाही.

तीन_हात_नाका | रविवार, सकाळी ८:१५
सगळे फार गोड बोलताय म्हणून जरा कडू बोलतो.

घर शोधत होतो. पगार चांगला, जपानी येतं, भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी पास आहे. एजंट माझ्यासमोर घरमालकाला फोन लावतो. आवाज एकदम मऊ. "गिऱ्हाईक परदेशी आहे... हो, हो, जपानी उत्तम बोलतात... नाही, एकटेच..." मग पलीकडून जे काही आलं त्यावर तो रिसीव्हरला वाकून नमस्कार करतो, फोन ठेवतो आणि माझ्याकडे बघून दोन्ही हातांची फुली करतो. पुढचं पान. पुन्हा तोच फोन, तोच नमस्कार, तीच फुली. न्याय मंत्रालयानं २०१७ला जाहीर केलेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांनी सांगितलं होतं की परदेशी म्हणून नकार मिळाला. म्हणजे हे माझं नशीब नव्हे.

मग गाडीतली शेजारची सीट. डबा भरलेला, लोक उभे, माझ्या बाजूची जागा रिकामी. पहिल्यांदा वाटतं छान, ऐसपैस. नंतर नंतर आपण स्वतःचा शर्ट हुंगायला लागतो. आणि स्टेशनबाहेर पोलीस नम्रपणे थांबवून झाइऱ्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) बघतात. कायद्यानं ते कायम जवळ ठेवायचं असतंच, दाखवायला हरकत नाही, पण शेजारून जाणाऱ्या पन्नास जणांतून बरोब्बर मीच का?

त्यामुळे "तुम्हीच जरा पुढाकार घ्या" हा सल्ला ऐकला की माझं टाळकं सरकतं.

दादर_टीटी | सकाळी ८:४०
चाळीस टक्के फार वाटतात? मुंबईत आडनाव सांगा, मग काय खाता ते सांगा, मग लग्न झालंय का ते सांगा. आमच्या सोसायटीत तर फुलीसुद्धा दाखवत नाहीत, वॉचमनच गेटवर सांगतो.

तीन_हात_नाका | सकाळी ८:५२
दादर, मान्य. तिथेही चूक, इथेही चूक. पण तिकडे अन्याय होतो म्हणून इकडचा मला बरा वाटावा, हे गणित काही जमलं नाही. शिवाय मुंबईत मी चार शिव्या तरी मराठीत देऊ शकतो. इथे नकार देणाऱ्याचे आभार मानून बाहेर पडावं लागतं.

शेवटची गाडी | सकाळी ९:१०
तोझाई लाइनवर किबा ते मोनझेन-नाकाचो हा टप्पा २०१९ला १९९ टक्के भरलेला असायचा, अख्ख्या जपानात सगळ्यात जास्त. सकाळी आठला त्या डब्यात तुझ्या शेजारची सीट रिकामी राहिली तर मला फोन कर. मी कुठूनही येऊन बसतो.

अबोली_कोएंजी | सकाळी ९:३३
तीन_हात_नाका, घराचं अगदी खरं आहे, मलाही फुल्या मिळाल्यात. सीटबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं. लोक आधी कडेच्या जागा धरतात, मधली जागा जपानी माणसाशेजारीही रिकामी राहते. आपण ते मोजत नाही. पण कधी कधी ते आपल्यामुळेच असतं, हेही कळतं. अंगाला कळतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी पुस्तक काढते.

आणि पुढाकाराचा सल्ला तुमच्यासाठी नव्हताच, धागाकर्तीसाठी होता. तुमचं भांडण घरमालकाशी आहे, तिचं सोमवारशी.

चिंगीची आई | सकाळी १०:४५
नोकरी करणाऱ्यांचे प्रश्न झाले असतील तर आमच्याकडेही बघा. मी डिपेंडंट व्हिसावर आले. परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण भाषा येत नसताना काम कुठलं मिळणार? नवरा सकाळी साडेसातला जातो तो रात्री दहाला येतो. पहिले सहा महिने मी फक्त सुपरमार्केटच्या बाईशी बोलले, तेही ती "पिशवी हवी का?" विचारायची तेव्हा.

लेकीला आम्ही भारतीय शाळेत न घालता वॉर्डाच्या शाळेत घातलं. सासरी त्यावरून बरंच महाभारत झालं. पण मला माणसं मिळाली ती तिच्यामुळे. पहिलीतली पोरं पिवळ्या टोप्या घालून, पाठीला स्वतःपेक्षा मोठं रानदोसेरू दप्तर लावून एकटी चालत जातात. मला काही धीर होईना, मी मागे मागे जायची. तर कोपऱ्यावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या आजोबांनी मला हटकलं. मग रोजच बोलू लागले. माझं पहिलं जपानी मी त्यांच्याकडून शिकले, म्हणून अजूनही माझं बोलणं सत्तरीतल्या पुरुषासारखं आहे असं लेक म्हणते.

बाकीच्या आया आधी लांब होत्या. तोडगा पीटीएमध्ये निघाला. तिथे प्रत्येकीला काहीतरी काम घ्यावंच लागतं आणि प्रत्येकजण ते टाळायला बघत असते. मी म्हटलं, मला वाचता येत नाही पण खुर्च्या उचलता येतात. उनदोकाईच्या (शाळेच्या क्रीडादिनाच्या) दिवशी पहाटे सहाला मैदानात तंबू ठोकायला गेले. त्यानंतर दुपारी बागेत मला जागा ठेवायला लागल्या. पाच वाजता वॉर्डाच्या भोंग्यावर धून लागली की सगळ्या आपापली पोरं गोळा करून मामाचारी सायकलवर पुढेमागे बसवून निघतात, गप्पा कितीही रंगल्या तरी. पहिल्यांदा राग यायचा. आता मीच पावणेपाचपासून घड्याळ बघते.

एकच सल खरी: शाळेचं जेवण. प्रत्येक गोष्टीत मासे किंवा त्यांचं पाणी. आम्ही घरून बेंतो देतो. सगळ्या वर्गात वेगळा डबा तिचा एकटीचाच. शिक्षिका समजूतदार आहेत, पण पोरीला ते लागतं.

मुळ्याची कोशिंबीर | सकाळी ११:३०
शाकाहाराचा प्रश्न सगळे सोयीस्करपणे विसरले, म्हणून मी.

इझाकायात "मांस नको" म्हणून उपयोग नाही. मांस म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर गाय-डुक्कर. चिकन वेगळं, मासे वेगळे, हॅम तर बहुतेक भाजीच. थंड तोफू मागवलात तर त्यावर वाळवलेल्या काट्सुओ माशाचे पापुद्रे पेरून येतात. तळलेला आगेदाशी तोफू गरम असतो, पण बसलेला असतो माशाच्या दाशीत (रश्शात). मिसो सूप, तेच. चालणारं सांगते: थंड टोमॅटो, बटाट्याचं फ्राय, भाजलेल्या शिशितो मिरच्या, कॉर्न-बटर, मिठातली काकडी. लोणच्यांचं विचारून घ्या.

पण खरी युक्ती टेबलावर नाही. प्रत्येक नोमिकाईचा एक कानजी असतो, म्हणजे ज्याच्या गळ्यात सगळी व्यवस्था पडलीय तो. त्याला आठवडाभर आधी लेखी कळवा: मासे, दाशी, मांस नको; अंडं-दूध चालेल. तो दुकानाशी बोलून ठेवतो आणि त्याला ते आवडतंसुद्धा, कारण त्याचं काम नीट झालं. आयत्या वेळी टेबलावर सांगितलंत तर त्याच्या तोंडचं पाणी पळतं. आणि दारू घेत नसाल तर उलाँग चहा मागवा, कुणी विचारत नाही. पैसे सारखेच, ते सोडून द्या.

एकट्यानं खायचं असेल तर टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत, केइयो लाइनकडे जाणाऱ्या वाटेवर टीज तानतान आहे, पूर्ण व्हीगन रामेन. कोको इचिबान्या या करीच्या साखळीच्या काही शाखांतही शाकाहारी करी मिळते. आणि शिंजुकूच्या नाकामुराया दुकानात १९२७पासून "भारतीय करी" आहे, ती तिथे आणली रासबिहारी बोसांनी. इंग्रजांपासून लपत १९१५ला जपानला आले, नाकामुरायावाल्या सोमा कुटुंबानं आसरा दिला, पुढे त्यांचीच मुलगी केली. करीत हाडासकट कोंबडी आहे, तेव्हा आपण फक्त बाहेरून नमस्कार करायचा.

पेठेतला पांडू | सकाळी ११:३६
म्हणजे घरी बोलावलं होतं तर! १९१५ला का होईना.

शेवटची गाडी | सकाळी ११:४१
बोलावलं काय, जावईच करून घेतला. गवती चहा, धीर धरा.

ओसाकेचा बाळ्या | दुपारी १:०२
सगळ्यांना एकच सल्ला, ओसाकाला या. इथे लिफ्टमध्ये अनोळखी काकू पर्समधून चॉकलेट-गोळी काढून देतात आणि तुझ्या शर्टाची किंमत विचारतात. टोकियोवाले सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहतात, आम्ही उजवीकडे. यावरूनच समजा.

रात्रपाळी | दुपारी २:२०
विद्यार्थी आहे, ताकादानोबाबाला राहतो, रात्री कोनबिनीत (चोवीस तासांच्या दुकानात) काम. (आम्हालाही तेच २८ तास.)

मला एक विचारायचंय. जपानीच मित्र हवेत हा हट्ट कशाला? माझ्या शिफ्टला एक नेपाळी, एक व्हिएतनामी आणि उझबेकिस्तानचा एक. आमची आपापसातली भाषा जपानीच, मोडकीतोडकी, पण तिच्यात आम्ही भांडतो, उधारी करतो, पोरींबद्दल बोलतो. पहाटे पाचला काम सुटलं की पहिल्या गाडीची वाट बघत गरम निकुमान (मांस भरलेला वाफवलेला पाव) खातो. (मी गोड अनपानचा. मुळ्याची कोशिंबीर, नोंद घ्यावी.) महिन्यातून एकदा शिन-ओकुबोला नेपाळी खानावळीत डाळ-भात, कितीही वाढून घ्या. रविवारी नदीकाठी क्रिकेट, त्यात लंकेचे, बांगलादेशचे, पाकिस्तानचे सगळे. पाकिस्तानी विकेटकीपरनं मला खोली मिळवून दिली. ठाण्यात बसून हे झालं असतं का?

इतकं मोठं शहर, त्यात निम्मे टोकियोकरही बाहेरूनच आलेले. आमचा मॅनेजर उत्तरेकडच्या आओमोरीचा. तो म्हणतो की तोही इथे एकटाच आहे, फक्त त्याला कुणी कार्ड विचारत नाही.

तीन_हात_नाका | दुपारी २:३१
मॅनेजरला माझ्याकडून एक बिअर.

गवती चहा | दुपारी ४:१०
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे दोनदोनदा वाचले.

रात्रपाळी, हट्ट नाही रे. पण मला इथेच राहायचं आहे, पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) अर्ज करणार आहे. ज्या शहरात म्हातारी व्हायचं त्यातल्या माणसांना आपण फक्त ऑफिसच्या वेळात ओळखायचं, हे नको वाटतं. तीन_हात_नाका, तुमचं वाचून बरं वाटलं म्हणणं विचित्र आहे, पण वाटलं.

अबोली, आवा ओदोरी वाचून मोह झाला, पण कोएंजी मला लांब. कासाईत राहून असं काही आहे का? नाना, तुम्ही पंचवीस वर्षं तिथेच आहात. तुमचे आहेत का जपानी मित्र? तुम्ही ते सांगितलंच नाहीत.

कासाईचे नाना | संध्याकाळी ६:४८
बरोब्बर पकडलंत. सांगतो, लांबण लागेल.

११ मार्च २०११. दुपारी पावणेतीनला भूकंप झाला तेव्हा मी ओतेमाचीत होतो. गाड्या बंद, फोन बंद. संध्याकाळी चालत निघालो. एइताई-दोरी रस्त्यावर माणसांची रांग, कुणाच्या डोक्यावर ऑफिसचं हेल्मेट, आणि आवाज कसला तर फक्त बुटांचा. सुमिदा नदी ओलांडली, मोनझेन-नाकाचो, तोयोचो, मग अराकावा नदीवरचा लांबलचक कासाई पूल. अकरा-बारा किलोमीटर. वाटेत दुकानदार संडास उघडून बाहेर पाटी धरून उभे होते.

पुढच्या आठवड्यात फुकुशिमाच्या बातम्या आल्या आणि आपली वस्ती रिकामी झाली. मीही बायको-पोरांना पाठवलं. त्यात काही गैर नाही, पोरं लहान होती. मी राहिलो, शौर्य वगैरे नाही, कामच तसं होतं. २३ तारखेला कानामाचीच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सर्गी आयोडीन सापडल्याचं जाहीर झालं, बाटल्या दुकानातून गायब. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, आमच्या चोनाइकाईचे म्हणजे वस्तीच्या मंडळाचे कामकाज बघायचे. तोवर फक्त कचऱ्याच्या वारांवरून मला बोललेले. ते वर आले आणि म्हणाले, "भारतीय बिऱ्हाडांपैकी कोण कोण आहे ते आम्हाला माहीतच नाही. यादी तुम्ही करून द्याल का?" पाणी नाही, धीर नाही, यादी!

करून दिली. तेव्हापासून दर वर्षी आपत्ती-सरावाला जातो. आगीचं नळकांडं कसं उडवायचं, शाळेच्या जिममध्ये पुठ्ठ्याचे पलंग कसे जोडायचे. सराव संपला की भाताची पाकिटं वाटतात आणि मग म्हातारे गप्पा मारत बसतात. २०१९ला वॉर्डानं पुराचा नकाशा काढला, त्याच्या मुखपृष्ठावर चक्क लिहिलं होतं की इथे थांबून चालणार नाही. आपल्या वॉर्डाचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्याही खाली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं, लाखो लोकांना घर सोडायला सांगितलं. त्या दुपारी याच गृहस्थांचा फोन: "वॉर्डाची सूचना तुमच्या लोकांच्या ग्रुपवर टाका, मी वाचतो, तुम्ही लिहा." तासभर ते वाचत होते, मी हिंदी-इंग्रजीत टाकत होतो. रात्री शाळेच्या जिममध्ये चटईवर शेजारी शेजारी बसलो. त्यांनी बुद्धिबळासारखा शोगीचा पट आणला होता. तिथे शिकलो, अजून हरतो.

तर आहेत. ते आहेत, अजून चार-पाच म्हातारे आहेत. गणपतीत टोकियो मराठी मंडळाच्या आरतीला त्यांना नेतो, मोदक दोन-दोन खातात. त्यांनीच मला असाकुसाजवळचं मात्सुचियामा दाखवलं. तिथला कांगितेन म्हणजे आपले बाप्पाच, पण मूर्ती झाकलेली, दर्शन नाही, आणि नैवेद्याला मुळा.

मुळ्याची कोशिंबीर | संध्याकाळी ६:५५
अहो माझं नाव तिथूनच घेतलंय! ७ जानेवारीला तिथे शिजवलेला मुळा वाटतात. मिसोत दाशी आहे का ते विचारायचं धाडस अजून झालं नाही.

चिंगीची आई | संध्याकाळी ७:१२
नाना, हे इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलंत? आम्ही तुमच्या पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये.

कासाईचे नाना | संध्याकाळी ७:२०
दर वर्षी लिफ्टशेजारी कागद लावतो, हिंदीत आणि इंग्रजीत. येतात तीन जण, त्यातले दोघे भाताच्या पाकिटासाठी. पुढचा सराव पुढच्याच रविवारी, सकाळी नऊला, शाळेच्या मैदानावर. गवती चहा, यायचं असेल तर कापडी हातमोजे आणा. भाताच्या पाकिटांत एक समुद्री शेवाळाचं असतं, पण त्यात दाशी आहे. साधा भात बाजूला काढून ठेवायला सांगतो.

गवती चहा | संध्याकाळी ७:२६
येते. आणि ऑफिसातल्या त्या मुलीला मेसेज केलाय. हाकोने, तारीख, ८:१०ची गाडी, परत साडेपाचला.

अबोली_कोएंजी | संध्याकाळी ७:३०
उत्तर काय आलं ते इथेच कळव.

गवती चहा | रात्री ९:०४
आलं. "त्या दिवशी जमणार नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी चालेल का? पण आठला नको, नऊची गाडी."

शेवटची गाडी | रात्री ९:०६
साखरपुडाच समजा.

नवखा_२३ | रात्री ११:५०
पुढच्या महिन्यात टोकियोला येतोय. सगळा धागा वाचला, खूप माहिती मिळाली. एकच प्रश्न: हिंग आणि कांदा-लसूण मसाला तिकडे मिळतो की बॅगेत टाकू?

चिंगीची आई | सोमवार, सकाळी ६:१५
हिंग मिळतो. मसाला आण. दोन पाकिटं जास्त आण, पैसे देईन.